‘मावशी’चे हात

रुग्णालयाची पायरी चढली की माणसाला नाती आठवू लागतात. सलाइन लावणारी परिचारिका ‘सिस्टर’ होते, खाटेखालचे भांडे उचलून नेणारी बाई ‘मावशी’ होते आणि स्ट्रेचर ढकलणारा माणूस ‘मामा’ होतो. ज्यांची कधी ओळखदेख नव्हती त्यांना आपण संकटाच्या घटकेला घरचे करून टाकतो. त्यात लबाडी नसते. भीतीने मऊ झालेल्या मनाची ती हाक असते. पण रुग्ण बरा होऊन घरी परतला की हे नाते जिन्यावरच सुटते. ‘मावशी’ला लस टोचली आहे काय, तिच्या हातांत धड हातमोजे आहेत काय, कचऱ्याच्या पिशवीतून बाहेर आलेली सुई तिच्या बोटात शिरली तर तिने कोणाकडे जावयाचे, हे प्रश्न आपण कधीच विचारीत नाही. आज आम्ही तेच प्रश्न विचारणार आहोत, आणि ते बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाच्या निमित्ताने विचारणार आहोत.

हा भाग निवडण्याचे कारण उघड आहे. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील माणसाला बेळगाव हे परगाव वाटत नाही. चोर्ल्याचा घाट चढून सत्तरी-डिचोलीची माणसे बेळगावच्या दवाखान्यांत जातात, आंबोलीचा घाट चढून सावंतवाडीची जातात. चंदगडच्या रुग्णाला आपल्या जिल्ह्याच्या कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. उलट खानापूरकडचे रुग्ण घाट उतरून बांबोळीच्या रुग्णालयात येतात. निपाणी तर पुणे-बंगळूर महामार्गावरच वसलेली. तेथला अत्यवस्थ रुग्ण कोल्हापूरला जाणार की बेळगावला, हे पुष्कळदा मध्यरात्री कोणते वाहन मिळाले यावर ठरते. बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयाला जोडलेली सरकारी वैद्यकीय संस्था आहे, आणि गल्लोगल्ली खाजगी इस्पितळे आहेत. तीन राज्यांच्या दुखण्यांचा भार हे एक शहर वाहत आहे.

रुग्णाबरोबर रोगही घाट चढतो आणि उतरतो. माकडताप हे त्याचे ताजे उदाहरण. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा ज्वर २०१५ साली सत्तरीत प्रकटला आणि पुढच्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. २०१६ च्या काजूच्या हंगामात बेळगाव जिल्ह्यातून सत्तरीत कामाला आलेल्या मजुरांनाही त्याने गाठले. गोचिडीच्या चाव्याने होणारा हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. परंतु त्याचे रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांतील माणसांना त्याची लागण झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे काजूच्या बागेत चावलेली गोचीड बेळगावच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचते. त्या तंत्रज्ञाला रुग्ण कोठून आला हे कोणी सांगितले नाही, तर तो नेहमीचा ताप समजून नेहमीच्याच सैलपणे नळी हाताळणार. माहितीचा एक तुकडा सीमेवर अडकला की त्याची किंमत एखाद्याचा जीव मोजतो.

काही काळापूर्वी एका स्नेह्याच्या आजारपणात सीमाभागातील एका रुग्णालयात आमचा मुक्काम पडला होता. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण जे तेथे दिसले ते कोठेही दिसले असते. पहाटे एक मावशी वॉर्डातील कचऱ्याच्या बादल्या रिकाम्या करीत होत्या. उजव्या हातमोज्याचे अंगठ्याकडचे टोक फाटले होते आणि त्यातून उघडा अंगठा बाहेर आला होता.

‘‘मावशी, मोजा फाटलाय की,’’ आम्ही म्हणालो.

‘‘फाटायचाच की साहेब. आठवड्याला एकच जोड मिळतंय.’’

‘‘सुई टोचलीय का कधी?’’

‘‘टोचती की. मागं दोनदा टोचली. हळद भरली नि चिंधी बांधली.’’

‘‘कोणाला सांगितलं नाहीत?’’

‘‘कुणाला सांगायचं? कंत्राटदाराला सांगितलं तर म्हणणार, नीट बघून काम कर, नाहीतर उद्यापासनं येऊ नको.’’

करोनाच्या वेळची लस दोनदा घेतली, एवढे त्यांना ठाऊक होते. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस असते, हे त्यांच्या कानी कधी आले नव्हते. हळद भरून बांधलेले ते बोट आमच्या डोळ्यांपुढून अद्याप हललेले नाही. कारण त्या सुईच्या टोकावर काय असू शकते हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे, आणि त्या बाईला ते कोणी सांगितलेले नाही.

रुग्णसेवा करणाऱ्या माणसापर्यंत रोग तीन वाटांनी येतो: रक्ताच्या, हवेच्या आणि हाताच्या.

रक्ताची वाट आधी पाहू. वापरलेली सुई टोचली आणि तो मूळ रुग्ण ‘बी’ प्रकारच्या काविळीचा असला, तर लस न घेतलेल्या शंभर माणसांपैकी सहा ते तीस जणांना तो रोग जडू शकतो. ‘सी’ काविळीचे हे प्रमाण शंभरात सुमारे दोन आहे, आणि एच.आय.व्ही.चे हजारात सुमारे तीन. गंमत पाहा, आपल्या समाजात भीती आहे ती सर्वांत कमी शक्यतेच्या रोगाची, आणि जो अनेक पटींनी अधिक सहज जडतो त्याचे नावही सफाई कामगाराला ठाऊक नाही. आणि याच ‘बी’ काविळीवर उत्तम लस उपलब्ध आहे. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. एवढ्याने बहुतेकांना दीर्घकाळ संरक्षण मिळते. अर्भकांच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस देशभर २०११ साली पोहोचली. तेव्हा आज रुग्णालयांत राबणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना ती बालपणी मिळालेली असणे शक्यच नाही. ती त्यांना कामावर रुजू होतानाच द्यावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली हिशेब मांडला होता, की जगातील साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे वीस लाखांना दर वर्षी सुईची वा धारदार वस्तूची अशी इजा होते. त्या वीस लाखांत हळद भरून गप्प बसलेल्या मावश्या किती मोजल्या गेल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसरी वाट हवेची. जगातील क्षयाच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. निपाणी तर तंबाखूचे गाव. वखारींतील धूळ छातीत भरून घेत आणि विड्या वळीत तेथील बायकांच्या पिढ्या गेल्या, आणि धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो हे आता निर्विवाद आहे. अशा भागातील रुग्णालयात क्षयाची भीती कोठे असते? लोकांना वाटते, क्षयरोग्यांच्या वॉर्डात. वस्तुतः ज्याचे निदान होऊन औषध सुरू झाले त्याच्यापासूनचा धोका झपाट्याने उतरतो. खरा धोका असतो तो बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत, तीन आठवडे ‘साधा खोकला’ म्हणून खोकत बसलेल्या माणसापासून. आणि त्याचा केसपेपर लिहून देणारा कारकून, वजन घेणारी परिचारिका, क्ष-किरण काढणारा तंत्रज्ञ यांच्यापैकी कोणाच्याही तोंडावर त्या वेळी योग्य मुखपट्टी नसते. यावरचा पहिला उपाय बिनखर्ची आहे: खिडक्या उघड्या ठेवणे. पेरू देशातील लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले, की उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, खिडक्या उघड्या असताना, यंत्राने हवा खेळविणाऱ्या नव्या खोल्यांपेक्षा हवा किती तरी अधिक वेळा बदलते. आमच्याकडे मात्र जुन्या वॉर्डांच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या जातात आणि वातानुकूलनाच्या पेटीला आधुनिकता म्हटले जाते.

तिसरी वाट हाताची, आणि तिची कथा १७५ वर्षांहून जुनी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात शवविच्छेदन करताना कोलेच्का नावाच्या प्राध्यापकाच्या बोटाला विद्यार्थ्याच्या चाकूचा ओरखडा लागला आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवाची तपासणी वाचली, तेव्हा त्यांना धक्का बसला. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे बदल दिसत तेच येथेही होते. शवागारातून थेट प्रसूतिगृहात येणारे डॉक्टरांचे हातच मृत्यू वाहून आणीत होते. क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली आणि त्या विभागातील मातांचे मृत्यू एप्रिलमधील शेकडा अठरांवरून जूनमध्ये शेकडा दोनांवर आले. या कथेतील एक धागा आपण विसरतो. आई वाचविण्याची युक्ती सापडली ती एका डॉक्टरच्या मरणातून. सेवकाला झालेला संसर्ग आणि रुग्णाला झालेला संसर्ग या दोन गोष्टी नाहीत. एकाच हाताच्या त्या दोन बाजू आहेत. म्हणून ‘मावशी’च्या हाताची काळजी हा मावशीवरचा उपकार नव्हे. तोच हात पुढच्या क्षणी आपल्या आईच्या उशीला लागणार आहे.

हात धुण्याचे महत्त्व आपल्या समाजाला नवे नाही. पारोसे हात देवघरात चालत नाहीत, स्मशानातून आल्यावर स्नान केल्याशिवाय घरात वावर नाही. परंतु आपले सोवळे वाकड्या वाटेने गेले. हात स्वच्छ आहे की नाही यापेक्षा तो कोणाचा आहे हे आपण पाहत राहिलो. रुग्णालयाचे सोवळे निराळे आहे; ते जन्म विचारीत नाही, कृती विचारते. आणि तरीही, ज्यांना एके काळी गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्याच लेकीसुना आज बहुतांशी रुग्णालयाची घाण उपशीत आहेत, आणि संरक्षणाच्या रांगेत पुन्हा त्याच शेवटी उभ्या आहेत. हा योगायोग नव्हे.

सीमाभागाला साथींचा अनुभवही जुना आहे. १८९७ च्या सुमारास प्लेगने मुंबई इलाखा होरपळला, त्यात बेळगावही सुटले नाही. त्याच वर्षी १० मार्च रोजी पुण्याजवळ सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगग्रस्त मुलाला उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात त्यांनी आणले आणि त्याच रोगाने त्यांना ओढून नेले. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे. देवीची लस तयार करणारी ही संस्था एके काळी अवघ्या मुंबई इलाख्याला परिचित होती. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून निघालेली करोनाची लस महामार्गाने बेळगावात आली आणि येथूनच आसपासच्या जिल्ह्यांना रवाना झाली. ज्या गावाने पिढ्यान्पिढ्या इतरांना लस पुरविली, त्या गावाच्या रुग्णालयांतील सफाई कामगार लशीवाचून राहावा, यापरता विरोधाभास कोणता?

येथे आम्हांस एका शब्दाविषयी बोलावयाचे आहे. हुतात्मा हा शब्द सीमाभागाला शिकवावा लागत नाही. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात पडलेल्यांचे स्मरण बेळगावात आणि निपाणीत आजही दर वर्षी होते. जाणीवपूर्वक, एका ध्येयासाठी, समोर बंदूक दिसत असताना जो पाऊल मागे घेत नाही तो हुतात्मा. प्लेगच्या काळी सावित्रीबाईंपुढे हातमोजे नव्हते, खात्रीचे औषध नव्हते. होती ती केवळ करुणा, आणि तिच्यासाठी प्राण देणे हे त्यांचे स्वतःचे निवडणे होते. परंतु आज, शास्त्राला सर्व ठाऊक असताना, बाजारात सर्व मिळत असताना, केवळ खरेदीची फाइल पुढे सरकली नाही म्हणून जो मरतो, तो हुतात्मा नव्हे. तो निष्काळजीपणाचा बळी आहे. त्याच्या तसबिरीला हार घालून आपण त्याचा सन्मान करीत नाही. आपला गुन्हा झाकतो.

बळी कसे जातात तेही पाहावे. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो ज्वराने देशात प्रथमच डोके वर काढले, तेव्हा पहिल्या रुग्णापाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका हेही दगावले. मे २०१८ मध्ये केरळात निपाह आला. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुतुश्शेरी २१ मे रोजी गेल्या, आणि त्या साथीतील बहुतेक रुग्णांना लागण रुग्णालयांच्या आवारातच झाली असे पुढे निष्पन्न झाले. याच विषाणूच्या खुणा महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत २०२० साली आढळल्या आहेत. सह्याद्री आपलाच आहे. तेव्हा ‘ते केरळात झाले’ असे म्हणून पांघरूण ओढून घेण्यात अर्थ नाही.

करोनाची आठवण तर ताजीच आहे. २२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजविल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर विमानांतून फुले पडली. मृत आरोग्य कर्मचाऱ्याच्या वारसाला पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्नाटकातील आशा कार्यकर्त्यांना सुरक्षा साधनांसाठी आणि मानधनासाठी संपावर जावे लागले. याच जुलैच्या २२ तारखेला बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात एका रुग्णाच्या मृत्यूनंतर जमावाने दगडफेक केली, रुग्णवाहिका पेटवून दिली. पुढच्या वर्षी निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे चाचणी-दाखले तपासणारे कर्मचारी दिवसभर अनोळखी प्रवाशांच्या श्वासात उभे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर ऐंशी हजार ते एक लाख ऐंशी हजार आरोग्य कर्मचारी करोनाने मृत्यू पावले. फुले, थाळ्या, दगड आणि विमा हे सारे त्यांना मिळाले. वेळेवर मिळावयास हवे होते ते मात्र पुष्कळांना उशिरा मिळाले.

कायदा याबाबत गप्प आहे असे कोणी समजू नये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी प्रत्येक रुग्णालयावर बंधन घातले आहे, की कचरा हाताळणाऱ्या सर्वांना ‘बी’ कावीळ आणि धनुर्वात यांची लस द्यावी, योग्य ती संरक्षक साधने पुरवावीत, कामावर घेताना आणि पुढे वर्षातून एकदा तरी त्यांची आरोग्य तपासणी करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावे. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या पेटीत. रक्ताने माखलेले बोळे पिवळ्या पिशवीत. नळ्या व प्लॅस्टिक तांबड्या पिशवीत. काच निळ्यात, अशी वाटणी सांगितली आहे. एच.आय.व्ही. व एड्सविषयक २०१७ च्या कायद्याने सुरक्षित कामाची परिस्थिती आणि अपघातानंतरचे प्रतिबंधक औषध ही आस्थापनेची जबाबदारी ठरविली. नियमांत ‘कंत्राटी कामगार वगळून’ असे कोठेही म्हटलेले नाही. परंतु व्यवहारात रुग्णालय म्हणते ‘हे कंत्राटदाराचे माणूस’, कंत्राटदार म्हणतो ‘काम रुग्णालयाचे’, आणि या दोन हातांच्या मधल्या फटीतून मावशीचा हात खाली घसरतो.

मग करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी ताबडतोब व्हाव्यात, आणि त्यांतील एकही अशक्य नाही.

पहिली, रुग्णालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक कामगाराला, मग पगार कोणीही देवो, ‘बी’ काविळीचे तिन्ही डोस मिळाल्याखेरीज त्याच्या हाती कचऱ्याची बादली देऊ नये. देशाच्या काविळ नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ही लस अंतर्भूत आहे. मागणी करणारा हवा.

दुसरी, प्रत्येक खाटेजवळ नव्हे तरी प्रत्येक वॉर्डात हाताच्या अंतरावर सुईची पेटी हवी. सुईला पुन्हा टोपण घालताना आणि सुई पिशवीत टाकल्यामुळे होणारे अपघात तेवढ्याने पुष्कळ कमी होतील.

तिसरी, सुई टोचल्यावर काय करावयाचे हे भिंतीवर चित्रांनी रंगवावे. जखम साबण-पाण्याने वाहत्या नळाखाली धुवावी, ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये, हळद वा चुना भरू नये, आणि तत्क्षणी सांगावे. एच.आय.व्ही.चे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत, आणि उशिरात उशिरा बहात्तर तासांत सुरू करावे लागते व अठ्ठावीस दिवस घ्यावे लागते. सांगणाऱ्याला दंड वा दटावणी नाही, ही हमी प्रशासनाने लेखी द्यावी. ज्या घरात पोराला खरे बोलल्याबद्दल मार मिळतो तेथे पोर खोटे बोलावयास शिकते. रुग्णालयाचेही तसेच आहे.

चौथी, सूचना कामगाराच्या भाषेत असाव्यात. बेळगाव-निपाणीत कानडी आणि इंग्रजी फलकांपुढे मराठी वाचणारी वा मुळीच न वाचणारी बाई उभी असते; सीमेपलीकडे कोल्हापूर वा गडहिंग्लजला कानडीच वाचणाऱ्या माणसाचे तसेच होत असेल. फलकाच्या भाषेवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना आमची विनंती आहे: विषाच्या बाटलीवरची कवटी सर्वांना कळते, तशी चित्रे तरी लावा.

पाचवी, बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा येथील आरोग्य अधिकाऱ्यांनी तापाच्या साथींची माहिती परस्परांना त्याच दिवशी कळविण्याचा पायंडा पाडावा, आणि आरोग्य कर्मचाऱ्याचे लसीकरणपत्र तिन्ही राज्यांत ग्राह्य धरावे. बेळगावात शिकलेली परिचारिका पुण्याला वा म्हापशाला नोकरी करते, खानापूरचा वॉर्डबॉय बांबोळीत येतो. त्यांची नोंद त्यांच्याबरोबर जावी. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. सुईच्या पेटीने त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

यावर दोन आक्षेप येतात. एक खर्चाचा. लहान इस्पितळांची ओढाताण आम्हांस ठाऊक आहे. पण एका परिचारिकेला क्षय झाला तर तिची काही महिन्यांची रजा, तिचे औषधपाणी, तिच्या जागी दुसरी शिकवून तयार करणे, आणि तोवर तिने नकळत कितीजणांना दिलेला रोग, हा हिशेब कोणी वहीत मांडतो काय? दुसरा आक्षेप असा, की ‘दिले तरी ही माणसे घालीत नाहीत’. यात तथ्य आहे. परंतु बोटांत न बसणारा मोजा, एप्रिलच्या उकाड्यात आठ तास तोंडाला चिकटलेली मुखपट्टी, दोन माणसांचे काम एकाकडे, आणि ती साधने काढावी कशी हे कोणी शिकविलेले नाही, अशा स्थितीत दोष एकट्या माणसाचा नसतो. संसर्ग पुष्कळदा पोशाख घालताना नव्हे, तो काढताना होतो. शिकविणे हेही पुरविण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

वाचकांची जबाबदारी याहून वेगळी नाही. रुग्णाला भेटावयास जाताना सारे बिऱ्हाड घेऊन जाऊ नये. खोकला असेल तर तोंड झाकून रांगेत बसावे, आणि आपण कोणत्या गावाहून, कोणत्या कामावरून आलो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. दुःखाच्या भरात सेवकांवर हात उगारू नये. साथीच्या काळात तो गुन्हा तीन महिने ते पाच वर्षे कैदेचा आहे, आणि एरव्हीही तो लाजेचा आहे. आमच्याकडील गणेशोत्सव मंडळे पुढाऱ्यांच्या वाढदिवशी रुग्णांना फळे वाटतात, चांगलेच आहे. त्याऐवजी एका वर्षी त्यांनी गावच्या दवाखान्यातील झाडूवाल्यांच्या लशीची चौकशी करावी. हे काम फोटोत चांगले दिसणार नाही, पण गणरायाला ते अधिक रुचेल असे आम्हांस वाटते.

त्या रुग्णालयातून निघताना आमच्या स्नेह्यांनी मावशींच्या हातात काही पैसे ठेवले. त्यांनी आढेवेढे घेत ते कनवटीला लावले आणि ‘‘परत येऊ नकोसा हितं,’’ असा आशीर्वाद दिला. रुग्णालयातील माणूस याहून चांगला आशीर्वाद देऊ शकत नाही. आम्ही मात्र त्यांना बक्षिसी दिली आणि त्यांचा हक्क मागण्याचे राहूनच गेले. मावशी म्हणावयाचे असेल तर भाच्याचे कर्तव्यही पत्करले पाहिजे. पुढच्या वेळी कोणत्याही रुग्णालयात ‘‘मावशी’’ अशी हाक मारण्यापूर्वी, तेथल्या अधिकाऱ्याला एक प्रश्न प्रत्येकाने विचारावा: यांना लस दिली आहे का? दहा जणांनी विचारला तर अधिकारी हसेल. शंभर जणांनी विचारला तर तो फाइल मागवील.